फॉइन्सच्या धक्क्यावरचे जेवण

विमानतळावरच्या उपाहारगृहांचा इतिहास सांगायचा तर सुरुवात पदार्थांच्या यादीपासून नव्हे, इंधनाच्या टाकीपासून करावी असे माझे मत आहे. विमान एका दमात किती लांब जाऊ शकते यावर प्रवासी कुठे उतरणार हे ठरत असे, आणि उतरलेल्या माणसाला कुठेतरी बसवून जेवू घालावेच लागे. याचे बोलके उदाहरण म्हणजे आयर्लंडमधील फॉइन्स.

लिमरिक परगण्यात, शॅनन नदीच्या खाडीवर वसलेले हे लहानसे बंदर. युरोपच्या पश्चिम टोकाला असल्यामुळे अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांना ते सोयीचे होते. १९३९ च्या जुलैमध्ये पॅन अमेरिकन कंपनीचे ‘यांकी क्लिपर’ येथे उतरले. पाण्यावर उतरणाऱ्या या विमानांना धावपट्टी नव्हे, शांत पाणी लागे. प्रवासी होडीतून धक्क्यावर येत. टर्मिनलसाठी गावातले मॉन्टीगल आर्म्स हे जुने हॉटेलच घेतले होते. म्हणजे इथे विमानतळात उपाहारगृह आले नाही. हॉटेलातच विमानतळ येऊन बसला.

महायुद्धात आयर्लंड तटस्थ राहिला आणि फॉइन्सवरची वर्दळ वाढली. पश्चिमेकडे न्यूफाउंडलंडमधील बॉटवूडपर्यंत जाणाऱ्या विमानांना समोरून वारा लागे. वारा फार असला, तर इंधन पुरणार नाही हे ओळखून वैमानिक अर्ध्या वाटेतून परत फिरे. तासन्‌तास उडून माणसे जिथून निघाली तिथेच थंडीने काकडत परत येत. अशा वेळी गरम जेवण आणि बसायला खुर्ची ही चैन नव्हती.

खानपानाची व्यवस्था सुरुवातीला ब्रिटिश विमानकंपनीकडे होती. १९२२ मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाला हे रुचणे कठीण होते. अमेरिकेहून येणाऱ्या पाहुण्याचे युरोपातले पहिले जेवण आयरिश भूमीवर होणार, आणि वाढणारे मात्र इंग्रज! १९४३ मध्ये ही जबाबदारी ब्रेंडन ओ’रेगन या पंचविशीतल्या तरुणावर आली. घरचे हॉटेल एनिस गावात असल्याने हा व्यवसाय त्याच्या अंगवळणी पडलेला होता. त्याच्या स्वयंपाकघराचा प्रमुख होता टायरोन परगण्यातल्या कॅसलडर्गचा जो शेरिडन.

परत फिरलेल्या प्रवाशांसाठी शेरिडनने गरम कॉफीत व्हिस्की घातली आणि ‘आयरिश कॉफी’ जन्माला आली, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. ‘ही ब्राझीलची कॉफी का?’ ‘नव्हे, आयरिश!’ हा संवादही सोबत असतो. अशा संवादांवर मी फारसा विसंबत नाही. पण पुरावा पेल्यातच आहे. आयरिश माणसाचे रोजचे पेय चहा; कॉफी ठेवावी लागली ती अमेरिकन पाहुण्यांसाठी. तिच्यात मिसळले ते मात्र घरचे, म्हणजे व्हिस्की आणि वर तरंगणारी साय. पाहुण्याची सवय आणि यजमानाचा माल यांची अशी गाठ पडायला फॉइन्ससारखीच जागा हवी होती.

१९४५ च्या ऑक्टोबरमध्ये फॉइन्सचा विमानतळ बंद झाला. लांब पल्ल्याची जमिनीवर उतरणारी विमाने आली होती, आणि खाडीपलीकडे रिनियाना येथे शॅनन विमानतळ तयार होता. ओ’रेगन आणि शेरिडन तिकडे गेले. शॅननलाही विमाने थांबत ती इंधनासाठीच. त्या थांब्याचा व्यापार कसा करावा हे ओ’रेगनने ओळखले. १९४७ मध्ये तिथे जकातमुक्त दुकान सुरू झाले, १९५१ मध्ये हॉटेल-व्यवसाय शिकवणारी शाळा.

आपल्याकडचा हिशोबही निराळा नव्हता. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. नकाशावरचे हे ठिपके विमानाच्या ताकदीने ठरवलेले होते.

पन्नासच्या दशकाअखेर जेट विमाने आली आणि शॅननवरून थेट पुढे जाता येऊ लागले. इंधनाचा थांबा गेला की जेवणारे गेले, आणि त्यांच्यामागे आचारी, वाढपी, दूध घालणारे शेतकरी यांची रोजीही जाणार. १९५९ मध्ये शॅननला उभारलेले मुक्त औद्योगिक क्षेत्र हे या धोक्याला दिलेले उत्तर होते. विमानांनी उतरायला कारण हवे, तर माल इथेच तयार करू, असा तो विचार. खानपान सांभाळणारा माणूस या कामाच्या अग्रभागी होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

आजचा प्रवासी टर्मिनलात जेवतो तो बहुतेकदा विमानाला इंधन हवे म्हणून नव्हे, तर तपासणीसाठी लवकर यावे लागते म्हणून. थांबणे उरले, त्याचे कारण बदलले. शेरिडन १९५२ मध्ये अमेरिकेला गेला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्वेना व्हिस्टा कॅफेत त्याच्या कॉफीवरची साय तरंगत ठेवण्याची खटपट चालली होती. फॉइन्सच्या जुन्या टर्मिनलात आता संग्रहालय आहे आणि तिथे वैमानिकांच्या बरोबरीने या आचाऱ्याचेही नाव घेतले जाते.