दशमांश

प्राचीन इस्राएली समाजातील एक धार्मिक देणे. धान्य, द्राक्षारस व तेल यांचा, तसेच गुरामेंढरांच्या वाढीचा दहावा हिस्सा देवाचा मानला जाई व तो वेगळा काढणे प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य समजले जाई. बायबलच्या ‘जुन्या करारा’तील नियमांत या देण्याचा तपशील सर्वत्र सारखा नाही. एका ठिकाणी ते मंदिरसेवा करणाऱ्या लेवी वंशाच्या निर्वाहासाठी सांगितले आहे, तर ‘अनुवाद’ या ग्रंथाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षी तो हिस्सा गावातच साठवून लेवी, उपरा, अनाथ व विधवा यांना द्यावयाचा असे. या चौघांत एक गोष्ट समान होती : त्यांपैकी कोणाच्याही निर्वाहाला स्वतःच्या जमिनीचा आधार नसे. कापणीनंतर शेतात राहिलेला सरवा वेचण्याचा हक्कही उपरा, अनाथ व विधवा यांना होता. तेव्हा हे दान दात्याच्या मर्जीवर सोडलेले नसून भूमिहीनांचा भूमीच्या उत्पन्नातील वाटा अशा स्वरूपाचे होते.

संदेष्ट्यांनी दिलेला भर नेमका याच अर्थावर आहे. इ. स. पू. आठव्या शतकातील आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ. उत्तरेकडील राज्य भरभराटीस आले असता बेथेल व गिलगाल येथील तीर्थस्थानी अर्पणांची रेलचेल होती. माप लहान व वजन मोठे करणाऱ्या, जोड्याच्या किमतीला गरिबाला विकणाऱ्या लोकांनी तेथे दशमांश आणावेत, याचा आमोसने उघड उपहास केला. यशया व मीखा या त्याच शतकातील संदेष्ट्यांनीही अनाथ-विधवांना न्याय न देता केलेले यज्ञ आणि उपवास निष्फळ ठरविले. ‘त्सेदाका’ या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ नीतिमत्ता किंवा न्याय्य वर्तन असा असून पुढे ज्यू परंपरेत तोच शब्द दानधर्मासाठी रूढ झाला. मराठीतील ‘दया’ या शब्दाने हा आशय पुरता व्यक्त होत नाही.

मलाखीचा काळ याहून निराळा. बाबिलोनमधील बंदिवासानंतर, इ. स. पू. पाचव्या शतकात, यरुशलेमची वस्ती लहान व दरिद्री होती. नेमलेला वाटा न मिळाल्याने लेवी मंदिर सोडून आपापल्या शेतशिवारांकडे परतले होते, असे ‘नहेम्या’ या ग्रंथावरून समजते. मलाखीने दशमांश रोखून धरणे ही देवाची लूट ठरविली व तो पूर्णपणे भांडारात आणण्याचे आवाहन केले. ख्रिस्ती मंडळ्यांतील वर्गणीविषयक प्रवचनांचा हा आवडता आधार होय. परंतु त्याच अध्यायात, केवळ पाच वचने आधी, मजुराची मजुरी बुडविणारे व विधवा, अनाथ आणि उपऱ्यांस नाडणारे यांच्याविरुद्ध साक्ष आहे. ते वचन प्रवचनांत त्या मानाने कमी येते. आमोस दशमांशाची थट्टा करतो आणि मलाखी तो मागतो, यात विरोध दिसतो तो वरवरचा. भांडार भरले की त्यातून कोणाचे पोट भरते, हाच दोघांचाही प्रश्न आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न प्रत्यक्ष व्यवहारात कसा उभा राहिला, हे अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) ख्रिस्ती इतिहासात ठळकपणे दिसते. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईस १८१३ मध्ये सुरू झाले व १८३१ च्या अखेरीस अहमदनगर येथे ठाणे झाले. ॲलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड व विल्यम हर्व्ही या मिशनऱ्यांबरोबर बाबाजी नावाचे ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ आले होते. शहरात अंध, पंगू व व्याधिग्रस्त अशा निराधारांसाठी इंग्रज रहिवाशांच्या वर्गणीतून चालणारा एक आश्रम होता. मिशनच्या आरंभीच्या उपदेशाचे ते प्रमुख स्थान होते आणि १८३३ मध्ये स्थापन झालेल्या मंडळीत तेथील रहिवाशांचा भरणा होता. म्हणजे ज्यांना वाटा द्यावयाचा, असे संदेष्टे सांगतात, तेच लोक येथे मंडळीचे पहिले सभासद होते. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांची मंडळी देणारी कशी व्हावी, ही अडचण त्यामुळे प्रारंभापासूनच होती.

१८५४ मध्ये हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास मिशनच्या अमेरिकेतील मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात येऊन गेले. देशी मंडळ्यांनी आपला कारभार, खर्च व प्रसार स्वतः सांभाळावा, हे त्यांचे धोरण. यानंतरच्या दशकांत दशमांशाचा आग्रह वाढला, तो मुख्यतः पाळकाचे वेतन मंडळीने द्यावे म्हणून. जिल्ह्यातील बहुतेक ख्रिस्ती महार व मांग समाजांतून आलेले होते. त्यांना रोख पैसा क्वचित दिसे, पण बलुते म्हणून गावाच्या पिकातील वाटा घेण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची होती. सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने द्यावयाचा हिस्सा ही कल्पना त्यांना शहरी मासिक वर्गणीपेक्षा अधिक जवळची वाटली असल्यास नवल नाही. नियमित रोख मिळकत होती ती बहुधा मिशनच्याच शिक्षकांना व उपदेशकांना; त्यांचा दशमांश म्हणजे परदेशातून आलेल्या पैशाचाच दहावा हिस्सा होता. अशा रीतीने स्थानिक दान पाळकाकडे व परदेशी दान दुर्बलांकडे अशी विभागणी होत गेली. नियमशास्त्रात लेवी व विधवा यांचे भांडार एकच होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

१८९६–९७ व १८९९–१९०० या दुष्काळांनी ही विभागणी टोकाला नेली. दुसरा दुष्काळ ‘छप्पन्नाचा दुष्काळ’ म्हणून स्मरणात राहिला. मुंबईत जन्मलेले व अहमदनगरला कार्य करणारे रॉबर्ट ॲलन ह्यूम (१८४७–१९२९) यांनी अमेरिकेतून आलेल्या मदतनिधीच्या वाटपात पुढाकार घेतला. या कार्याबद्दल त्यांना सरकारने ‘कैसर-इ-हिंद’ पदक दिले. मिशनने अनाथ मुलामुलींची वसतिगृहे उघडली. सर दिनशा पेटिट यांचे नाव असलेल्या अहमदनगरच्या औद्योगिक विद्यालयासारख्या संस्थांतून मुलांना हातांचे उद्योग शिकविले जात. हजारो जीव वाचले, हे या कार्याचे निर्विवाद श्रेय होय. मात्र त्याबरोबर मिशन हेच अन्नदाते, मालक व न्यायाधीश अशी स्थिती निर्माण झाली आणि स्वावलंबनाची पूर्वीची आकांक्षा मागे पडली.

या परावलंबनाची खंत नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्याइतकी तीव्रतेने फार थोड्यांनी बोलून दाखविली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ते अहमदनगर येथे राहिले व तेथील धर्मशिक्षण विद्यालयात शिकवीत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली व ‘देवाचा दरबार’ हा बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभारला. ते लवकरच निवर्तल्याने हा प्रयोग अपुरा राहिला. लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात या घरातील दानाचे निराळेच रूप दिसते : टिळक हाती येईल ते देऊन मोकळे होत आणि संसाराची तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंना करावी लागे. दानाचा भार घरात कोणावर पडतो, याची नोंद धर्मग्रंथांवरील भाष्यांत सहसा सापडत नाही.

मिशनच्या मंडळ्या पुढे संयुक्त मंडळीत व १९७० मध्ये उत्तर भारतीय मंडळीत समाविष्ट झाल्या. कॅथलिक पंथीयांत, स्विस जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर (मृत्यू २०२१) यांनी जिल्ह्यात मदतवाटपाऐवजी पाणलोट विकासावर भर दिला. त्यासाठी जर्मन निधी मिळाला, परंतु गावाने श्रमदान करावे व चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी, अशा अटी होत्या. येथे देणारा व घेणारा हा भेद बराचसा पुसला गेला. तथापि अडविलेल्या पाण्याचा लाभ प्रथम विहीर व जमीन असणाऱ्यांस होतो आणि चराईबंदीची झळ शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीनांना आधी लागते. त्यामुळे अशा कार्यक्रमांत भूमिहीन कुटुंबे व स्त्रिया यांच्यासाठी वेगळी तरतूद करणे भाग पडले.