अदृश्यामागचा हात

सुपे-बारामतीच्या पट्ट्यात आमच्या पिढीने जे चित्रपट पाहिले, त्यांतले पुष्कळ जत्रेच्या तंबूत, जमिनीवर बसून पाहिले. बहुतेकांच्या कथाही आता स्मरत नाहीत. परंतु २५ मे १९८७ रोजी प्रदर्शित झालेल्या 'मिस्टर इंडिया'तील अदृश्य नायक लाल प्रकाशात दिसू लागतो, तो प्रसंग विसरता येत नाही.

अदृश्य मनुष्याची कल्पना नवी नव्हे. एच. जी. वेल्स यांची कादंबरी १८९७ सालची. तिच्यातील शास्त्रज्ञ अदृश्य होताच माणसांतून उठतो आणि खुनापर्यंत जातो. सलीम-जावेद यांच्या लेखणीने आणि शेखर कपूर यांच्या दिग्दर्शनाने ही शक्ती निराळ्या घरी नेली. वडिलांनी शोधलेले मनगटी यंत्र येते ते अनाथ मुले सांभाळणाऱ्या, वाण्याची उधारी न फिटणाऱ्या अरुणच्या हाती. त्याच्या मुलांच्या भातात खडे निघतात. बाँबस्फोटात चिमुकली टीना जाते, तेव्हा तंबूत हुंदके ऐकू येत. मोगॅम्बोचे क्षेपणास्त्र दूरचे. खडे मात्र प्रत्येकीने सुपात निवडलेले!

उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण या नायकास लागू करण्याचा मोह आम्हास होतो. पण तो आवरलेला बरा. हा गृहस्थ दानाइतकेच ठोसेही देतो.

त्या काळी आपल्याकडे अशा दृश्यांना संगणकाचा आधार नव्हता. छायालेखन बाबा आझमी यांचे, तर ट्रिक फोटोग्राफी पीटर परेरा यांची. 'अमर अकबर अँथनी'चे (१९७७) छायालेखकही तेच. या विद्येत भिंगाचा एक भाग झाकून चित्रण करायचे, फिल्म मागे फिरवायची आणि तिच्यावरच पुन्हा दुसरे चित्रण करायचे. दुसऱ्या वेळी कॅमेरा केसभर हलला, तर पहिलेही वाया.

पुढे 'कोई... मिल गया' (२००३), 'क्रिश' (२००६), 'रा.वन' (२०११) आले. संगणकाने अशक्य ते सोपे केले. तरीही जिथे यंत्रापेक्षा मुलांचे घर मोठे ठरते, तिथे आम्हास 'मिस्टर इंडिया'चेच ऋण दिसते.

श्रेयनामावली सुरू असे, तेव्हा तंबूत जागेसाठी रेटारेटी चाललेली असे. आपल्यातल्या वाटणाऱ्या त्या नावाकडे कोणाचे लक्ष गेले असेल, असे वाटत नाही. आमचेही गेले नव्हते.