दोन तंतू आणि एक विमानकार

दाराला सागवान आणि गाडीच्या चाकाला बाभूळ, हें खेड्यांतल्या सुताराला सांगावें लागत नाहीं. विसाव्या शतकांत मनुष्यानें स्वतःच जणूं दोन नवीं लाकडें निर्माण केलीं, एक काचतंतूंचें व दुसरें कार्बनतंतूंचें. त्यांपैकीं कोणतें कोठें योजावें हा विवेक मात्र अनुभवानेंच यावयाचा होता. अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांतील मोहावी येथें विमानें रचणारे बर्ट रूटन यांच्या कामांत तो फार स्पष्ट दिसतो.

वितळलेल्या काचेचे तंतू काढण्याची कृति अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत व्यापारी प्रमाणावर सिद्ध झाली. त्यांचें कापड रेझिन नांवाच्या कृत्रिम राळेंत भिजविलें, कीं तें वाळून कठीण होतें. १९५३ सालीं निघालेल्या कॉर्व्हेट मोटारीची काया याच पदार्थाची होती. कार्बनतंतु मागाहून आला. ओसाका येथें अकिओ शिंदो यांनीं कृत्रिम धाग्यापासून तो करण्याची वाट दाखविली, व १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील फार्नबरो येथील शास्त्रज्ञांनीं त्याला खरें बळ आणलें. धागा जाळावयाचा, पण त्याची राख होऊं द्यावयाची नाहीं, अशी ही विलक्षण कृति!

१९७५ सालीं रूटन यांचें ‘व्हॅरी-ईझी’ विमान प्रथम उडालें. हौशी गृहस्थांनीं नकाशे विकत घेऊन तें घरींच बांधावयाचें होतें. तापविलेल्या तारेनें फोमचा ठोकळा कापावयाचा व त्यावर राळेंत भिजविलेलें कापड थर देऊन बसवावयाचें. सांचा लागत नाहीं. रूटन यांनीं येथें काचकापड निवडलें. तें स्वस्त तर होतेंच. पण मुख्य गुण निराळा होता. काचकापड राळेंत नीट मुरलें कीं पारदर्शक होतें, आणि हवा राहिली असेल तेथें पांढरट डाग उमटतो. चूक डोळ्यांना दिसते. काळें कार्बनकापड तीच चूक पोटांत दडवून ठेवतें. शिवाय काचतंतु ताणाखालीं पुष्कळ लवून मग तुटतो. कार्बनतंतु फारसा न लवतां एकाएकीं तुटतो. नवशिक्यानें बांधलेल्या विमानांत त्याचा स्वतःचा जीव बसावयाचा असतो. काचकापडाचे कण अंगाला खाजवितात, तेवढें सोसलेलें बरें. केवळ काळी चकाकी मिरविण्यासाठीं कार्बनवर पैसा ओतणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

परंतु त्याच रूटन यांनीं ‘व्हॉयेजर’साठीं कार्बन घेतला. वाटेंत कोठें न उतरतां व इंधन न घेतां पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची, म्हणजे विमान ही बहुतांशीं तेलाची टाकीच. तेथें प्रत्येक पौंडाचा हिशेब. कार्बनतंतु काचेहून वजनाला हलका, आणि ताठपणांत सामान्यतः तिप्पट. मधमाशांच्या पोळ्यासारख्या घरांच्या कागदी गाभ्यावर त्याचे पातळ थर दिले. सांगाड्याचें वजन सुमारें ९४० पौंड, तर उड्डाणसमयीं सारें वजन सुमारें ९,७०० पौंड!

१४ डिसेंबर १९८६ रोजीं बर्ट यांचे वडील बंधु डिक रूटन व जीना येगर हीं दोघें एडवर्ड्स तळावरून निघालीं. तेलाच्या भारानें पंखांचीं टोकें खालीं झुकून धांवपट्टीवर घासत गेलीं. टोकांवरचीं उभीं पातीं पुढें तुटून पडलीं. पंख मात्र टिकले. नऊ दिवसांनीं, २३ डिसेंबरला, विमान तेथेंच परत उतरलें.

याच डिक रूटन यांनीं १९९७ सालीं, माइक मेलव्हिल यांच्यासमवेत, पुन्हां पृथ्वीप्रदक्षिणा केली. या वेळीं दोघांचीं दोन ‘लाँग-ईझी’ विमानें होतीं, काचकापडाचीं, घरगुती नकाशांवरचीं. आणि तीं वाटेंत मुक्काम करीत, तेल घेत गेलीं.