मोकळं जगायला गाव शोधताय? आधी तांड्याचा इतिहास ऐका

मंडळी, गेल्या चार-पाच वर्षांत मला एका ठरावीक प्रकारचे फोन येतात. पुण्याहून, नागपूरहून, एखाद-दुसरा बंगळुरूहून. बोलणारा पस्तिशी-चाळिशीतला. पगार चांगला, पण जीव उबगलेला. "तुम्ही यवतमाळकडचे पत्रकार ना? तिकडं पाच-सात एकर मिळेल का? डोंगराच्या कडेला, गावापासून जरा लांब. कुणाची कटकट नको. मोकळं जगायचंय."

मी या लोकांची थट्टा करत नाही. दोन तास ट्रॅफिकमध्ये घालवणाऱ्या माणसाला मोकळं रान हवंसं वाटलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे? पण "गावापासून लांब, डोंगराच्या कडेला, कुणाची कटकट नको" हे शब्द कानावर पडले की मला आमच्या पुसद-दिग्रस पट्ट्यातले तांडे आठवतात. अशीच जागा, बऱ्याच अंशी याच कारणासाठी, इथं एका अख्ख्या समाजानं निवडली होती. पुढं त्याचं काय झालं ते सांगतो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

बंजाऱ्यांच्या आधी कोलामांबद्दल थोडं सांगायला हवं. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांत कोलामांची वस्ती म्हणजे पोड. मधोमध चावडी, भोवती घरं. जुन्या काळी हे पोड एका जागी चिकटून नसायचं. उतारावरचं रान साफ करायचं, काही वर्षं पीक घ्यायचं, जमीन थकली की पुढं सरकायचं. वस्तीत रोगराई शिरली तरी जागा सोडायची. त्यांचा मोकळेपणा जागेत नव्हता, जागा सोडून जाण्याच्या मुभेत होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी जंगलं राखीव करायला घेतली आणि ही मुभा गेली. ज्या डोंगरावरून कोलाम आपल्या मर्जीनं उठायचा, तिथं आता पाय ठेवायला परवानगी लागू लागली.

आता बंजारे. हा समाज शेतकरी नव्हता, व्यापारी होता. बैलांच्या पाठीवर गोणी लादायच्या, मीठ आणि धान्य मुलखामुलखांतून न्यायचं. या धंद्याला त्यांच्या बोलीत लदेणी म्हणतात. शेकडो, कधी हजारो बैलांचा तांडा चालायचा. फौजांची रसदही हेच पुरवायचे. मोगलांच्या दक्षिणेतल्या मोहिमा घ्या, नाहीतर 1803 साली आपल्याच वऱ्हाडात आडगाव आणि गाविलगडाला लढलेला वेलस्ली घ्या. बंजाऱ्यांच्या बैलांवाचून या फौजा उपाशी राहिल्या असत्या. ज्याच्या धान्यावर फौज चालते, त्याला कोण अडवणार? रस्ता हेच त्यांचं घर होतं. नायक पुढं, कारभारी सोबत, भांडण झालं तर नसाब बसणार आणि निवाडा तिथंच होणार. गावच्या पाटलाचा संबंध नाही, कोर्ट-कचेरीचाही नाही.

मग दोन गोष्टी झाल्या. 1853 च्या तहानं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. जे मीठ न्यायला बैलांना महिना लागायचा, ते डब्यात बसून आठवड्याच्या आत येऊ लागलं. लदेणी संपली ती अशी. कुणी मारली नाही, गिऱ्हाईकच उरलं नाही. त्यात 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला. फिरणारा माणूस म्हणजे संशयित, ही नजर सरकारी झाली. आज महाराष्ट्रात बंजारा समाज 'विमुक्त जाती' या यादीत आहे, तो विमुक्त शब्द तिथूनच आलेला. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, म्हणून त्या तारखेला विमुक्त दिन पाळतात. देश 1947 ला मोकळा झाला, या माणसांना आणखी पाच वर्षं लागली.

तर धंदा गेला, रस्ता गेला, आता थांबायचं कुठं? इथं जागा निवडण्याचा प्रश्न आला, आणि ज्यांना आज गाव शोधायचंय त्यांनी हा भाग नीट वाचावा.

इंग्रजांना त्या वेळी वऱ्हाडात कापूस हवा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं मँचेस्टरची नजर इकडं वळलेली. मोजणी करून पडीत जमिनी लागवडीखाली आणण्याचा सपाटा चाललेला. पण काळी कसदार जमीन कुणब्या-पाटलांकडं आधीच होती. उरली होती ती हलकी, मुरमाड, जंगलाला लागून असलेली. बंजाऱ्यांनी ती धरली. निव्वळ नाइलाज म्हणून नव्हे हं. त्यांच्याकडं गुरं होती, गुरांना चराई लागते आणि चराई जंगलाकडं असते. नाल्याचं पाणी जवळ. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गावापासून लांब. गावात शिरलं की गावाची उतरंड आली. कुणी कुठं बसायचं, कुठल्या विहिरीवर जायचं, कुणापुढं वाकायचं. तांडा बाहेर राहिला म्हणून गोरमाटी बोली टिकली, लेंगीची गाणी टिकली, तीज टिकली, सेवालाल महाराजांची परंपरा टिकली. पोहरादेवी आमच्या दिग्रसहून हाकेच्या अंतरावर आहे. तिथली गर्दी बघा म्हणजे काय टिकलं ते कळेल.

पुसद तालुक्यातलं गहुली हे अशाच स्थिरावलेल्या तांड्याचं गाव. 1 जुलै 1913 ला तिथं वसंतराव नाईक जन्मले. 'नाईक' हे आडनावच तांड्याच्या नायकपणातून आलेलं. नागपूरला वकिली शिकले, पुसदचे नगराध्यक्ष झाले, 1963 पासून 1975 पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री राहिले. पुढं त्याच गहुलीचे सुधाकरराव नाईकही मुख्यमंत्री झाले. एका तांड्यातून दोन मुख्यमंत्री! आमच्याकडं ही गोष्ट अभिमानानं सांगतात, आणि सांगायलाच पाहिजे.

पण मी वीसेक वर्षं या भागात बातमीदारी करतोय. गहुलीच्या पलीकडचे तांडेही पाहिलेत. तिथली गोष्ट वेगळी आहे.

गावापासून लांब राहण्याची किंमत काय असते? सरकारच्या लेखी गाव म्हणजे गावठाण आणि महसुली नोंद. तांडा गावाबाहेर, म्हणून कित्येक तांडे वर्षानुवर्षं गावच नव्हते. दोन-दोन पिढ्या ज्या जागेवर घर आहे ती कागदावर ई-क्लास, नाहीतर वनखात्याची. रस्ता मागायला गेलं की विचारणा होते, गाव कुठाय? नळयोजना मूळ गावात थांबते आणि तांड्यावर मार्चपासून बायकांच्या डोक्यावर हंडे येतात. ज्या नाल्याच्या भरवशावर जागा निवडली, तो नाला गुरं होती तेव्हा पुरायचा. आता तांड्यावर माणसं वाढली, बोअर पडले आणि नाला पोळ्यानंतर दोन महिन्यांत कोरडा. तांडा सुधारण्याच्या योजना आल्या, काही ठिकाणी महसुली दर्जाही मिळाला, नाही असं नाही. पण मूळ निवडीचं ओझं अजून उतरलेलं नाही.

जंगलाचं तर आणखी अवघड. 10 जुलै 1930 ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. समुद्र लांब, मीठ कुठून आणायचं? म्हणून विदर्भानं गवत निवडलं. पण ते निव्वळ मिठाला पर्याय म्हणून नव्हतं. चराईवरची बंधनं हे इथल्या माणसाचं रोजचं दुखणं होतं.

आता त्या सालाचा योगायोग बघा. 2006 च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्यांना जंगलजमिनीवर हक्क सांगायचा असेल तर 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथं असल्याचा पुरावा लागतो. 2005 मधून 75 वजा करा. 1930! ज्या वर्षी अण्यांनी गवत कापलं, त्या वर्षी तुमचा पणजा त्या डोंगराखाली होता हे सिद्ध करा. ज्यांनी कागदापासून लांब राहण्यासाठीच ती जागा निवडली, त्यांच्या नातवंडांकडं कागद मागितला जातो. तेलंगणात हाच समाज अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत, आपल्याकडं विमुक्त जातीत. आरक्षणाचा वाद या पोस्टमध्ये नको, त्यावर वेगळं लिहीन. इथं मुद्दा एवढाच की एकाच डोंगराच्या दोन बाजूंना एकाच माणसाचे हक्क वेगळे असू शकतात.

आणखी एक सांगतो, नाहीतर मी तांड्याचं गोड चित्र काढतोय असं वाटेल. आतलं स्वातंत्र्य सगळ्यांना सारखं नव्हतं. नसाबीत पुरुष बसायचे. नायकाचा शब्द पटला नाही तर दाद मागायला दुसरी जागा नव्हती. बाहेरची कटकट टाळली की आतली कटकट संपते असं नाही. उलट तिला बाहेर वाचा फुटत नाही.

आता आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण घेऊ, कारण तिथं निवड वेगळ्या तऱ्हेनं झाली. 30 एप्रिल 1936 ला गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. मीराबेन आधीपासून तिथं होत्या. गावचे मालगुजार जमनालाल बजाज, म्हणजे जागेची अडचण नव्हती. तरीही गांधीजींनी आधी गावकऱ्यांना भेटून सांगितलं की मी अस्पृश्यता मानत नाही, तुमची इच्छा असेल तरच येतो. गावच्या म्हाताऱ्या पाटलानं स्वागत केलं, पण त्या एका बाबतीत साथ देता येणार नाही हेही स्पष्ट सांगून टाकलं. मला हा पाटील आवडतो. दोन्ही बाजूंनी पत्ते उघडे ठेवले.

आणि मग निवांतपणा मिळाला का? कुठला! त्याच वर्षी मलेरियानं गाठलं, वर्ध्याच्या दवाखान्यात राहावं लागलं. एकटं राहायचा बेत होता, पाठोपाठ माणसं आली. पुढं व्हाइसरॉयशी बोलायला टेलिफोन आला. पत्रं बुलडाण्याच्या शेगावला जाऊ लागली म्हणून 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. थोडक्यात, ते कटकटीपासून लांब गेलेच नाहीत, कटकट कुठली घ्यायची ते त्यांनी निवडलं. म्हणून ते गाव टिकलं.

तर फोन करणाऱ्या मित्रांनो, आता तुमच्याकडं येतो.

पहिलं, कायदा. तुमच्या नावावर शेती नसेल तर विदर्भात 1958 च्या कुळकायद्याच्या कलम 89 मुळं शेतजमीन सरळ घेता येत नाही, परवानगी लागते. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर महसूल संहितेचं कलम 36-अ आडवं येतं, आणि यायलाच पाहिजे. दलाल म्हणेल, "साहेब, करून घेऊ, स्टॅम्पवर." करू नका. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी असंच तीन एकर 'घेतलं'. पैसे गेले, सातबारा दुसऱ्याच्याच नावावर आहे. गुरुजी आता तहसीलच्या पायऱ्या झिजवतात.

दुसरं, पाणी. पावसाळ्यात जागा बघायला येऊ नका. सप्टेंबरात अख्खा यवतमाळ जिल्हा महाबळेश्वर असतो. मे महिन्यात या, दुपारी दोन वाजता, आणि तांड्यावरच्या बाईला विचारा पाणी कुठून आणते.

तिसरं, शेजार. ती रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते. तिथून कुणाची तरी गुरं जातात, कुणी मोहफुलं वेचतं, कुणाचा तरी पांदण रस्ता जातो. तुम्ही तारेचं कुंपण घातलं की तुमचं मोकळं जगणं सुरू होतं आणि त्यांचं तिथंच संपतं. 1878 च्या जंगल कायद्यानं जे मोठ्या प्रमाणावर केलं, तेच तुम्ही पाच एकरांत करता. त्या पाटलासारखं आधी बोलून घ्या.

आणि शेवटचं, जे मला खरं म्हणजे खुपतं. तुम्ही ज्या डोंगराच्या कडेला यायचं म्हणता, तिथले तांडे दिवाळीनंतर रिकामे होतात. महागाव, उमरखेड, पुसदची पोरं-बायका ऊसतोडीला जातात, उरलेली पुण्यात बांधकामावर किंवा कंपनीच्या गेटवर. तुमच्या सोसायटीचा वॉचमन कदाचित आमच्याकडचाच असेल. त्याला विचारा. ज्या जागेत तुम्हाला सुटका दिसते तिथून तो सुटायला का निघाला? तुमच्या खिशात पगार, विमा, पुण्यात फ्लॅट आहे. नाही जमलं तर परत जाता येईल. जुन्या कोलामाकडं होती ती निघून जायची मुभा आज तुमच्याकडं आहे, त्याच्याकडं नाही.

28 फेब्रुवारी 2024 ला वर्धा–कळंब रेल्वे सुरू झाली, पुढं यवतमाळ-पुसद-नांदेडपर्यंत जायची आहे. पहिल्या रेल्वेनं तांड्याचा रस्ता नेला. या रेल्वेनं जमिनीचे भाव वाढणार हे नक्की. आणि भाव वाढले की ज्याच्याकडं कागद नाही तो आधी उठतो. म्हणून जागा घ्यायच्या आधी ज्या तांड्याशेजारी राहायचं म्हणताय, त्याच्या महसुली दर्जाचं आणि वनहक्क दाव्याचं काय झालं हे ग्रामसभेत जाऊन विचारा. तिथं दोन ओळींचा अर्ज लिहून द्यायला माणूस मिळत नाही. तुम्हाला लिहिता येतं.

या, जरूर या. पण एवढं काम सोबत घेऊन या. आणि पुसद, दिग्रस, महागावकडच्या मित्रांनो, तुमच्या तांड्याचा दावा कुठं अडकलाय ते मला कळवा. पुढची पोस्ट त्यावरच लिहिणार आहे.