तोडचिठ्ठी आणि संगणक

वाणिज्य किंवा संगणक शाखेच्या पहिल्या वर्षाला 'व्यवसायातील माहितीप्रणाली' हा विषय शिकावा लागतो. शिकवण्याची सुरुवात पुष्कळदा संगणकाच्या भागांपासून होते. ती नावे पाठ करता करता माहितीप्रणाली म्हणजेच संगणक, अशी विद्यार्थ्याची समजूत होऊन बसते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यातील विद्यार्थ्याला तर तो घराजवळच्या शेतातच तपासून पाहता येईल.

ऊस हे घाईचे पीक आहे. तोडल्यानंतर इन्व्हर्टेज नावाचे विकर उसातील साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत रूपांतर करू लागते. हे रूपांतर झालेली साखर पोत्यात येत नाही. शिवाय ऊस सुकून वजनही घटते. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळला जावा लागतो. उलट, तुरा आलेला ऊस फार दिवस शेतात उभा राहिला तर आतून पोकळ पडतो. कारखान्याची रोजची गाळपक्षमता ठरलेली, शेतकरी हजारो, आणि प्रत्येकाला आपला ऊस वेळेत जायला हवा. तेव्हा साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी एकच प्रश्न उभा राहतो: उद्या कोणाचा ऊस तोडायचा?

१९६० च्या आगेमागे कृष्णाकाठी रेठरे बुद्रुकला आणि वारणाकाठी वारणानगरला सहकारी साखर कारखाने उभे राहिले. त्या काळी या प्रश्नाचे उत्तर कागदावर शोधले जाई. आधी ऊसनोंद. तीत शेतकऱ्याचे नाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला जातो, सुरू ऊस जानेवारी-फेब्रुवारीत, आणि खोडवा आधीच्या तोडणीनंतर फुटतो. प्रत्येकाचा पक्व होण्याचा काळ निराळा. म्हणून तारखेवरून तोडणीचा क्रम लावायचा, पाळी आली की तोडचिठ्ठी द्यायची. मग टोळी येते, गाडी भरते, काट्यावर वजन होते, वजनपावती मिळते आणि शेवटी कर्जाची कपात होऊन उसाचे बिल निघते.

या साखळीकडे नीट पाहू. नोंद ही प्रणालीत शिरणारी माहिती, क्रम लावणे ही तिच्यावरची प्रक्रिया, आणि तोडचिठ्ठी हा निर्णय. प्रत्यक्ष वजन अंदाजापेक्षा कमी-जास्त निघाले की पुढचा तोडणी कार्यक्रम बदलतो, हा प्रतिसाद. या सर्व कागदांना शेतकऱ्याचा एक क्रमांक एकत्र बांधतो, जसा सात-बारा उताऱ्यावर जमिनीचा हक्क आणि तिच्यातले पीक यांना गट नंबर बांधतो. पाठ्यपुस्तकातले चौकोन आणि बाण येथे पूर्ण झाले, आणि अजून संगणक आलेलाच नाही.

जगातही असेच घडले. व्यवसायाच्या नित्य कामासाठी वापरलेला पहिला संगणक 'लिओ' हा लंडनच्या लायन्स या चहा-केकच्या कंपनीने बांधला आणि १९५१ मध्ये कामाला लावला. पण आपल्या कामाची पद्धत तपासणारा स्वतंत्र विभाग या कंपनीने १९३० च्या दशकातच सुरू केला होता. पुढे चहागृहांच्या मागण्या लिओवर घेताना एक साधा नियम केला गेला: प्रत्येक चहागृहाची नेहमीची मागणी यंत्रात ठेवायची, आणि तेथील व्यवस्थापिकेने फोनवरून फक्त बदल कळवायचा. वेग यंत्राने दिला. काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही, हे माणसांनी आधी ठरवले होते.

आता पुन्हा वारणाकाठी येऊ. ही नदी सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची सीमा आखत हरिपूरजवळ कृष्णेला मिळते. तिच्या परिसरातील दोन्ही जिल्ह्यांच्या सुमारे ७० गावांसाठी १९९८ मध्ये 'वारणा वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी तो मिळून केला. गावोगावी संगणक-केंद्रे उघडली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण, इंटरनेट असे बरेच काही त्यांतून मिळेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात शेतकरी तेथे मुख्यतः जुन्याच कामांसाठी येत: ऊसनोंद, तोडणीची पाळी, आणि ऊस किती टन भरला. मात्र त्यासाठी कारखान्यापर्यंतचा हेलपाटा वाचला, ही कमाई लहान नव्हती.

पुढचा टप्पा अधिक बोलका आहे. संगणकांची देखभाल महाग पडत होती. तेव्हा बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा मोबाइल फोन आणि त्यावरचे लघुसंदेश. संगणकावर होणारी सारी कामे फोनवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही पद्धत अधिक आवडली. कागद गेला, संगणक आला; संगणक गेला, फोन आला. नोंद, क्रम, वजन आणि बिल ही साखळी मात्र तशीच राहिली. माहितीप्रणाली म्हणतात ती हीच साखळी.

यात शेतकऱ्याचे काय पणाला लागते? पाळी महिनाभर पुढे गेली तर वजन घटते आणि रान पुढच्या पिकाला वेळेवर मोकळे होत नाही. क्रमाची यादी फक्त कार्यालयात असेल, तर मधल्या माणसाची मर्जी सांभाळावी लागते. तीच यादी गावात दिसू लागली, तर आपल्या आधी कोणाची तारीख होती हे शेतकरी विचारू शकतो. पण लागणीची तारीखच खोटी लिहिली असेल, तर सर्वांत वेगवान यंत्रही तीच खोटी तारीख झटपट छापून देईल. प्रणाली न्याय्य आहे की नाही, हे नोंद कोण करतो आणि ती कोणाला पाहता येते यावर ठरते. हे यंत्र विकत घेताना मिळत नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. या विषयाचा पहिला तास संगणक-कक्षात न घेता फळ्यावर घ्यावा. विद्यार्थ्यांना घरातली जुनी वजनपावती, दूध संघाचे कार्ड किंवा रेशनकार्ड आणायला सांगावे. हा कागद कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो? त्यावरचा कोणता क्रमांक त्याला दुसऱ्या कागदाशी जोडतो? नोंद चुकली तर नुकसान कोणाचे, आणि ती दुरुस्त कोण करू शकतो? या चार प्रश्नांची उत्तरे चित्र काढून मांडता आली, की संगणकाला नेमके कोणते काम सांगायचे हे विद्यार्थी स्वतःच सांगू लागतील.