संगणकविषाणू : प्रसार व प्रतिबंध

संगणकविषाणू : धारकाच्या संमतीवाचून संगणकात शिरून स्वतःच्या प्रती काढणाऱ्या व अन्य आज्ञावलींना चिकटून पसरणाऱ्या आज्ञावलीस संगणकविषाणू म्हणतात. फ्रेड कोएन या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ मध्ये अशा आज्ञावलीचे प्रात्यक्षिक करून दाखविले. व्यवहारात स्वतःच्या प्रती न काढणाऱ्या हेरगिरीच्या, खंडणीच्या व ब्राउझर बळकावणाऱ्या आज्ञावलींनाही लोक सरसकट ‘व्हायरस’च म्हणतात. हा शब्दप्रयोग सैल असला, तरी प्रस्तुत नोंदीत या सर्वांचा विचार केला आहे.

वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला प्रसिद्ध विषाणू ‘ब्रेन’ हा १९८६ मध्ये लाहोर येथील अल्वी बंधूंनी तयार केला. भारतात जून १९९० मध्ये आढळलेला ‘जोशी’ हा विषाणू त्याच जातीचा, परंतु अधिक हट्टी होता. संगणक सुरू होताना चकतीचा जो आरंभीचा भाग प्रथम वाचला जातो, तेथे तो दडून बसे. कोणी बाधित फ्लॉपी खोबणीत विसरून संगणक सुरू केला, की तो स्मृतीत शिरे, तेथून हार्ड डिस्कवर जाई व पुढे लिहिण्यासाठी घातलेल्या प्रत्येक नव्या फ्लॉपीस लागण करी. कळफलकावरील तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला, तरी तो स्मृतीतून जात नसे. ५ जानेवारीस तो काम थांबवून जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकलिखित करण्याची आज्ञा देई व ती पाळल्यावर संगणक मोकळा करी. हे जोशी कोण, असा प्रश्न त्या काळी अनेक कार्यालयांतून विचारला गेला असणार. त्यावरचा उपाय साधा, पण शिस्तीचा होता : विद्युत् प्रवाह पूर्ण बंद करावयाचा आणि खाचेवर पट्टी चिकटवून लेखनास बंद केलेल्या निर्दोष फ्लॉपीवरून संगणक सुरू करावयाचा. निर्दोष साधनावरून आरंभ करून मग शोध घेण्याचे हे तत्त्व आजही उपयोगी पडते.

या प्रादुर्भावातूनच महाराष्ट्रात एक उद्योग उभा राहिला. कैलास काटकर हे पुण्यात गणकयंत्रांची व पुढे संगणकांची दुरुस्ती करीत. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत विषाणूंची बाधा वारंवार आढळू लागल्याने त्यांचे बंधू संजय यांनी त्या काढून टाकणाऱ्या आज्ञावली लिहिल्या. १९९३ मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ ही संस्था निघाली. त्यानंतर तिची ‘क्विक हील’ ही विषाणूरोधक आज्ञावली बाजारात आली व २००७ मध्ये संस्थेनेही तेच नाव घेतले. अशा आज्ञावलीत ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी असते व प्रत्येक संचिका तिच्याशी ताडून पाहिली जाते. साहजिकच यादी जुनी झाली की पहारा नावापुरता उरतो. म्हणून नंतरच्या आज्ञावली खुणांबरोबर संशयास्पद वर्तनावरही लक्ष ठेवू लागल्या.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सेवा सर्वसामान्यांस खुली झाली आणि बाधेची वाट फ्लॉपीकडून तारेकडे वळली. ब्राउझर बळकावणारी आज्ञावली बहुधा एखाद्या फुकट साधनासोबत येते. ती बसविताना धारक न वाचता ‘पुढे’ हे बटण दाबत जातो, आणि तेवढ्याने तिला शिरकाव मिळतो. ती आरंभीचे पान व शोधयंत्र बदलते, जाहिरातींकडे वळविते आणि त्यावर पैसा मिळविते. २०१७ मध्ये उघडकीस आलेली ‘फायरबॉल’ ही याच प्रकारची होती. ‘चेक पॉइंट’ या संस्थेने बाधित संगणकांचा जगातील आकडा २५ कोटी सांगितला. मायक्रोसॉफ्टने तो फुगविलेला ठरविला. अशी बाधा झाल्यास केवळ आरंभीचे पान पूर्ववत् करून भागत नाही. सोबत आलेली मूळ आज्ञावली व ब्राउझरला जोडलेली अनोळखी उपांगे काढावी लागतात, ब्राउझरची मांडणी मूळ स्थितीस आणावी लागते व त्यानंतर संपूर्ण तपासणी करावी लागते.

२०१७ हेच वर्ष खंडणीखोर आज्ञावलींचेही होते. मे महिन्यातील ‘वॉनाक्राय’ने विंडोजमधील ज्या दोषाचा लाभ घेतला, त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ती न बसविलेल्या संगणकांना फटका बसला. २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’मुळे न्हावाशेवा येथील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज कोलमडले. ज्यांच्या माहितीची प्रत संगणकापासून अलग ठेवलेली होती, तेच अशा प्रसंगी लवकर सावरतात.

पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर परिसराला या प्रश्नाची एक वेगळी बाजू लागू होते. तेथे देशातील पहिले अणुवीज केंद्र (१९६९) आणि रसायने, औषधे, कापड व पोलाद यांच्या कारखान्यांची औद्योगिक वसाहत शेजारी-शेजारी आहेत. केंद्राचे पहिले दोन संच सुरू झाले, तेव्हा वैयक्तिक संगणक अस्तित्वातच नव्हता. यंत्रनियंत्रणाचे जाळे बाह्य जगापासून तोडून ठेवणे, हा अशा ठिकाणचा मुख्य उपाय होय. परंतु पेनड्राइव्ह ही तुटलेली वाट पुन्हा जोडू शकतो. २०१० मध्ये उघड झालेला ‘स्टक्सनेट’ असाच पसरला आणि बाधित देशांत इराण व इंडोनेशियाखालोखाल भारताचा क्रम लागला. तारापूर केंद्र चालविणाऱ्या भारतीय अणुऊर्जा महामंडळाच्याच कुडनकुलम प्रकल्पाविषयी २०१९ मध्ये बाधेचे वृत्त आले. २९ ऑक्टोबर रोजी प्रकल्पाने ते नाकारले आणि देशातील अणुवीज केंद्रांच्या नियंत्रणप्रणाली बाह्य जाळ्याशी जोडलेल्या नसल्याचे सांगितले. दुसऱ्याच दिवशी महामंडळाने प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटशी जोडलेल्या जाळ्यावरील एका संगणकात बाधा आढळल्याचे मान्य केले. ही सूचना संगणक आणीबाणी प्रतिसाद पथकाकडून ४ सप्टेंबरलाच मिळाली होती. दोन्ही निवेदने एकत्र वाचली असता अणुभट्टीचे नियंत्रण सुरक्षित होते असे दिसते. तथापि शत्रूने शोधलेले दार कार्यालयातील साध्या मेजावरचे होते, हेही तितकेच स्पष्ट होते.

कायद्याच्या बाजूने, माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ अन्वये दुसऱ्याच्या संगणकात विषाणू सोडणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्यांनी पुरविलेली बाधा काढण्याची साधने तेथून नागरिकांना विनामूल्य मिळतात.