वहीतले बारा वाटे

आमच्या टोळीत माणसं दहा आणि वहीत वाटे बारा. हे मला सातवीत असताना कळलं, कारण ती वही मीच लिहीत होतो.

साल 1978. बालाघाटाच्या पायथ्याशी आमच्या तालुक्याचा बाजार, आणि अण्णा तिथं भुसार अडतीवर हमाल. तुरीच्या हंगामात रात्री उशिरापर्यंत गाड्या खाली व्हायच्या. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन माणसं धावत्या पावलानं थप्पीकडं जायची. टोळीत सही करता येणारे दोघेच. म्हणून मोजायला चिंचोके. पोतं थप्पीला लागलं की एक चिंचोका डब्यात. संध्याकाळी मी चिंचोके मोजून आकडा लिहायचो. मुकादम मला त्याचे आठ आणे द्यायचे.

एके दिवशी 400 पोती भरली. पोत्याला 30 पैसे, म्हणजे 120 रुपये. मी दहानं भागून माणशी 12 रुपये लिहिले. मुकादम म्हणाले, "पोरा, बारानं भाग." त्यांचा एक वाटा अंगमेहनतीचा, एक मुकादमीचा आणि एक वहीचा. माणशी 10 रुपये पडले, मुकादमांना 30. माझे आठ आणे वहीच्या वाट्यातले होते.

घरी येताना मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "मला ठावं हाय. पर मुकादम काम देतोय. तू सांगतील तसं लिव्ह." मी तीन हंगाम बारा वाटे लिहिले. त्या पैशावर पेन घेतलं, कंपासपेटी घेतली.

पुढं कामगारांच्या प्रश्नांचं वाचन वाढलं, तेव्हा त्या वहीचा अर्थ लागला. हमालीची नोंद नव्हती असं नाही. शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली, तोलाई वजा दिसायची. अडत्याच्या खतावणीत ती खर्चाला पडायची, पैशापर्यंत चोख. पण कुठंच माणसाचं नाव नव्हतं. पोतं लिहिलं जायचं, ते वाहणारा नाही. टोळी मुकादमाची, मुकादम अडत्याचा, आणि अडत्या म्हणणार, "हमाल माझे नोकर नाहीत." मग रजा, फंड, दवाखाना मागायचा कुणाकडं?

पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांची माथाडी संघटना याच मुद्द्यावर लढली. त्यातून 1969 चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. त्याची मेख साधी होती. व्यापाऱ्यानं मजुरी मंडळाकडं भरायची, वर ठरलेल्या टक्क्यानं लेव्ही. मंडळ प्रत्येक कामगाराच्या नावानं हिशोब ठेवणार. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार. मालक एक नसला तरी कमाई एका नावावर जमू लागली.

पण कायदा सगळीकडं एका दिवसात पोचला नाही. मंडळं भागाभागानं, धंद्याधंद्यानं झाली. आमच्या बाजारात नोंदणी सुरू झाली तेव्हा अण्णांची पन्नाशी उलटली होती. कारकुनानं विचारलं, "किती वर्षं काम करता?" अण्णा म्हणाले, "तीस." "पुरावा?" अण्णांनी माझ्याकडं बघितलं. वह्या मुकादमांनी कधीच रद्दीत घातल्या होत्या. आणि त्या सापडल्या असत्या तरी काय? माझ्याच अक्षरात लिहिलेल्या त्या वह्यांत पोती होती, वाटे होते. अण्णांचं नाव मी एकदाही लिहिलं नव्हतं. कुणी लिही म्हणालं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

तीस वर्षं गेली ती गेलीच. फंड जमला तो शेवटच्या सात वर्षांचा.

पहिल्या पगाराची चिठ्ठी अण्णांनी माझ्याकडून वाचून घेतली. कपातीचा आकडा आला तसं त्यांनी थांबवलं.

"ह्यो वाटा कुणाचा?"

"तुमचाच, अण्णा. फंडात जमा हाय. तुमच्या नावावर."

"परत वाच," ते म्हणाले. मी परत वाचलं, या वेळी नावापासून.